सकाळ कुणाच्या बापाची?

दोस्तहो, आधी कबुली देतो, मग शिव्या घाला. कॉलेजातल्या पोरापोरींना पहाटे उठवणारं, त्यांना सकाळची शिस्त लावणारं एक ॲप मी बनवलंय. एकट्याने नाही, चौघांनी मिळून. पण त्यातला निम्म्याहून जास्त कोड माझ्या हातचा, तेव्हा पापही निम्म्याहून जास्त माझंच.

कॉलेजात स्पर्धा होती. एक दिवस आणि एक रात्र सलग बसायचं, काहीतरी चालणारं बनवून दाखवायचं. विषय काय, तर विद्यार्थ्यांना सकाळी लवकर उठायची सवय लावा. आणि हे सगळं रात्रभर जागून! तेव्हा ह्यातला विनोद आम्हाला कळला नाही. वडापाव आणि चहावर आम्ही ते उभं केलं. उघडलं की डोंगराआडून सूर्य वर येतो. खाली पाच गोल : कोमट पाणी, ध्यान, व्यायाम, डायरी, दिवसाचा आराखडा. एकेक काम झालं की बोटाने दाबायचं, गोल हिरवा होतो. साडेपाचच्या आत पाचही हिरवे झाले की एक ज्योत पेटते, ज्योतीखाली आकडा. आज एक, उद्या दोन. एक दिवस चुकला की ज्योत विझणार, आकडा शून्य. आणि शून्याखाली एक ओळ यायची : आज तुम्ही स्वतःला हरवलंत. ती ओळ माझी. मला ती भारी वाटली होती. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं.

आता मी राहतो कुठे तेही ऐका. मानखुर्दला, दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, आम्ही पाच माणसं. रात्री शेवटचं भांडं घासून झाल्याशिवाय अंथरूण पडत नाही आणि सकाळी पहिलं अंथरूण उचलल्याशिवाय स्टोव्ह पेटत नाही. ज्या घरात कूस बदलायची तर शेजारच्याला सरक म्हणावं लागतं, त्या घरातल्या पोराने योगासनाच्या चटईचं चित्र काढलं, खिडकीत तुळस काढली, आणि वर लिहिलं 'तुमची शांत सकाळ'. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझ्या घरात न मावणारी सकाळ मी दुसऱ्याला विकायला काढली होती, आणि ते माझ्याच ध्यानात येत नव्हतं.

का येत नव्हतं? कारण सकाळ म्हणजे काय ते आम्ही आमच्या आयांकडून शिकलोच नाही. आम्ही शिकलो पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून. २०१२ साली अमेरिकेत हॅल एलरॉडचं 'मिरॅकल मॉर्निंग' आलं, २०१८ साली कॅनडाच्या रॉबिन शर्माचं 'फाइव्ह ए एम क्लब' आलं. मुंबईच्या फुटपाथवर ह्यांच्या प्रती ढिगाने मिळतात. त्याआधीपासून आपल्याकडे ब्राह्ममुहूर्त होताच, आणि लवकर निजे लवकर उठे ही म्हण तर तिसरीच्या फळ्यावर होती. नव्या बाटलीत जुनं गोमूत्र. सगळ्यांचं म्हणणं एकच : जो पहाटे उठतो तो पुढे जातो, जो मागे राहिला तो झोपून राहिला म्हणून.

अरे, मग दादरच्या फुलबाजारात जा की पहाटे. ससून डॉकवर जा, टोपली घेऊन लिलावाला उभ्या असलेल्या बायका बघा. हातात झाडू घेऊन पहाटेच्या गाडीने कामाला निघालेली महापालिकेची माणसं बघा. ह्या शहरात चार वाजता उठणारी माणसं कोण आहेत हे आपल्याला माहीत आहे, कारण ती आपल्याच घरातली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ती पहाटे उठतायत. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही की तुमची सकाळची दिनचर्या सांगा हो, आम्हाला यशस्वी व्हायचंय.

असो. माझे डोळे कुणी पुस्तकाने उघडले नाहीत, एफवायच्या एका पोरीने उघडले. आमचं ॲप कॉलेजात थोड्या जणांनी वापरायला घेतलं होतं आणि त्यात ती सगळ्यात पुढे. चाळीस दिवस ज्योत अखंड. आम्ही खूश. तिला भेटून विचारू, तिचा अनुभव लिहून घेऊ, पुढच्या स्पर्धेत दाखवू, असा आमचा डाव. कॅन्टीनमध्ये बसवलं, चहा सांगितला. तर ती म्हणाली, "दादा, खोटं बोलत होते मी तुमच्या ॲपशी."

तिच्या वस्तीत पाणी येतं पहाटे साडेचारला आणि जातं पावणेसहाच्या आत. सहा घरांत एक नळ. पाइप लावायचा, पिंप भरायचं, पुढच्या घराला पाइप द्यायचा, मधे कुणी घुसलं तर भांडायचं. मग संडासची रांग. मग बापाचा डबा, धाकट्याचा डबा, आणि पळत स्टेशन. "पाच वाजता मी पाइप धरून उभी आणि तुमचं ॲप विचारतंय, उठलात का. ओल्या हाताने फोन धरू का पाइप धरू? साडेपाचला ते मला सांगायचं की मी स्वतःला हरवलं. दादा, तोपर्यंत माझी चार कामं झालेली असायची." पहिले अकरा दिवस तिने हे ऐकून घेतलं. बाराव्या दिवशी तिने फोनचं घड्याळ एक तास मागे केलं आणि गाडीत बसल्यावर गोल दाबायला सुरुवात केली. गोवंडीला कोमट पाणी, चेंबूरला ध्यान, टिळकनगरला व्यायाम, कुर्ल्यापर्यंत पाचही हिरवे. मग घड्याळ परत पुढे.

म्हणजे जी पोरगी रोज साडेचारला उठत होती ती आमच्या लेखी आळशी, आणि जेव्हा ती खोटं बोलायला लागली तेव्हा आमच्या लेखी सगळ्यात शिस्तीची झाली. आम्ही तिच्याकडे बघत बसलो. चहाचे पैसे तिनेच द्यायला काढले, ते तरी आम्ही घेऊ दिले नाहीत.

दुसरा माझा दोस्त. त्याच्यावर जास्त लिहिणार नाही कारण तो हे वाचेल. भिवंडीच्या बाजूला गोदामात तो पार्सलं लावायचा, रात्री दीडला घरी. कॉलेजात पहिला तास सव्वासातचा. माझ्या शब्दाखातर त्याने ॲप घेतलं. त्याची ज्योत तीनच्या वर कधी गेलीच नाही. तीन, शून्य, दोन, शून्य, एक, शून्य. महिन्याभराने त्याने ॲप काढून टाकलं, पुढच्या महिन्यात पहिला तास सोडला, मग दुसरा. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही, फळ्यावर नाव लागलं. मी त्याला म्हटलं, लेका, सरांना भेट, गोदामाचं पत्र दाखव. तो म्हणाला, "जाऊ दे ना, माझ्यातच दम नाय." हे वाक्य त्याला कुणी शिकवलं? गोदामाच्या मालकाने नाही शिकवलं, कॉलेजने पण नाही. रोज सकाळी न चुकता त्याच्या खिशात जाऊन मी शिकवलं.

तिथून मी वाचायला बसलो. जे आधी वाचायला पाहिजे होतं ते बक्षीस घेतल्यावर वाचलं.

सवय एकवीस दिवसांत लागते असं आम्ही पहिल्याच पानावर छापलं होतं. ह्या एकवीसचं मूळ काय? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन. १९६० च्या पुस्तकात त्याने लिहिलं की नाक-तोंड बदललेल्या पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळालं, नाक गळालं, एकवीस तेवढे राहिले. खरोखर मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात ९६ माणसं होती. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस, पण कुणाला १८ लागले तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि आमच्या कानफटात मारणारी गोष्ट अशी की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे ज्योत विझवून आकडा शून्य करणं ह्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. तो धंद्याचा नियम आहे. माणसाला मिळवलेलं गमवायची भीती असते, त्या भीतीपोटी तो रोज ॲप उघडतो. बस.

दुसरं, झोपेचं. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग आणि मंडळींनी २००४ साली दाखवलं की वयात येताना माणसाचं आतलं घड्याळ मागे मागे सरकत जातं, उशिरा झोप आणि उशिरा जाग, आणि वीसच्या आसपास ते सगळ्यात मागे असतं. मग परत पुढे यायला लागतं. म्हणजे कॉलेजचं वय हे आख्ख्या जन्मातलं पहाटे उठायला सगळ्यात अवघड वय. म्हातारी माणसं पोरांना आळशी म्हणतात तेव्हा ती स्वतःच्या वयाची बढाई मारत असतात. अमेरिकेत ह्यावर काम झालं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आत भरवू नका. कॅलिफोर्नियात २०१९ साली तसा कायदा झाला, २०२२ पासून लागू. आपल्याकडे काय झालं? २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने आदेश काढला, पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा नऊच्या आत भरवायच्या नाहीत. चांगलं केलं. बारकी पोरं झोपू देत. पण ज्यांचं शरीरच पहाटेच्या विरोधात उभं आहे त्या सतरा-अठराच्या पोरांचा तास सव्वासातला, आणि त्यांच्या हातात काय द्यायचं तर माझं ॲप.

आपल्या इतिहासात दुसरी रीत आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं नाही की पहाटे उठ, वेळेचं नियोजन शीक, मोटेवर जायच्या आधी बाराखडी गिरव. त्यांनी शाळेची वेळ हलवली. घड्याळाने माणसाकडे जायचं.

आणि बाबासाहेबांची गोष्ट आपण सगळ्यांनीच जयंतीच्या भाषणात ऐकलीय. परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यातच संसार, जातं, शेळी, आणि तिच्यातच अभ्यास. पोरगा रात्री दोनला उठायचा आणि अभ्यासाला बसायचा, मग १९०७ साली मॅट्रिक झाला. भाषण इथे टाळ्या घेतं आणि आपल्याला सांगतं, तुम्ही पण दोनला उठा. पण ती गोष्ट नीट बघा, ॲप बनवणाऱ्याच्या नजरेने बघा. रामजीबाबा पोराला आधी लवकर झोपवायचे. स्वतः दोनपर्यंत जागे राहायचे. मग पोराला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. म्हणजे एकाची झोप संपली की दुसऱ्याची सुरू. खोलीत जागा नव्हती, ती त्यांनी रात्रीतून कापून काढली. गजर कोण होता? एक म्हातारा बाप, जो स्वतःची अर्धी रात्र देत होता. ह्यात पोराच्या इच्छाशक्तीला मी कमी लेखत नाही. पण एकट्या इच्छाशक्तीवर ते चाललं असतं तर बाप दहाला घोरत पडला असता.

वरळीची अभ्यास गल्ली अशीच. बीडीडी चाळींतली पोरं रस्त्याच्या दिव्याखाली तिथे येऊन बसत आली, कारण खोलीत दिवा लावला तर चौघांची झोप मोडते आणि गल्लीत तो फुकट जळतो. ह्या पोरांची सकाळ रात्री अकराला सुरू होते. आमच्या ॲपमध्ये अकरा वाजता काय होतं? निळा चंद्र आणि 'आता फोन ठेवा, झोपायची वेळ झाली'.

तर दुसरं ॲप करायला घेतलं. आता त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नुसत्या शिव्या घालून घरी जाणाऱ्यांतला मी नाही.

स्टॅनफर्डचा बी. जे. फॉग म्हणून एक प्राध्यापक आहे. त्याचं सूत्र २००९ सालचं. तो म्हणतो, माणूस एखादी गोष्ट करतो तेव्हा तीन गोष्टी एकाच क्षणी हजर असाव्या लागतात. त्या मी माझ्या भाषेत सांगतो : इच्छा, ऐपत आणि इशारा. सूत्र चांगलं आहे. पण धंदा कसा करतात बघा. इशारा फोनमध्ये फुकट आहे, तो दाबून वाजवतात. इच्छेवर प्रवचन देतात. ऐपत मात्र कुणी विचारत नाही, कारण ती विचारली की नळ, संडास, खोली, पाळी, गाडी असं सगळं बाहेर यायला लागतं आणि ते ॲपमध्ये दुरुस्त होत नाही. (ह्याच फॉगच्या वर्गात माईक क्रीगर शिकला, ज्याने पुढे इन्स्टाग्राम काढण्यात हात लावला. म्हणजे रात्री दीडपर्यंत अंगठा हलवत ठेवायची विद्या आणि पहाटे पाचला उठवायची विद्या एकाच वर्गातली. आधी जागवायचं, मग उठवायचं.)

म्हणून नवं ॲप पहिल्यांदा सकाळ विचारतच नाही. रात्र विचारतं. किती वाजता घरी येतोस? किती जण झोपतात खोलीत? पाणी कधी येतं? फोन तुझा एकट्याचा की घरात दोघातिघांचा? सकाळी कुणाचं काय करून निघावं लागतं? नऊ प्रश्न आहेत, साध्या मराठीत, आणि एकाचंही उत्तर चुकीचं नाही. मग ते हिशेब मांडतं. दीडला येणाऱ्याला ते पाचला उठ म्हणत नाही. त्याला सांगतं, तुझे आठ तास साडेनऊला पुरे होतात, तुझा अभ्यासाचा तास दुपारी दोनला धरू, आणि सव्वासातचं लेक्चर ही तुझी चूक नाही, वेळापत्रकाचा प्रश्न आहे, त्याबद्दल कॉलेजला द्यायच्या अर्जाचा मसुदा हवा का? ते बटन दाबलं की अर्ज तयार होतो. गोदामाच्या पत्राची जागा मोकळी ठेवलीय.

घड्याळाची वेळ आम्ही जवळपास काढूनच टाकली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर ह्याने १९९९ साली मांडलं होतं की 'मी व्यायाम करीन' असा नुसता निश्चय लंगडा असतो, 'अमुक झालं की मी तमुक करीन' असा बांधलेला निश्चय जास्त टिकतो. मग आम्ही कामं वस्तीतल्या सकाळीला बांधली. पिंप भरायला लावलं की पाइप धरल्या धरल्या काल वाचलेल्या धड्यातल्या तीन गोष्टी आठवायच्या. हात ओले असले तरी डोकं कोरडं असतं. गाडीत बसायला मिळालं की दोन पानं. उभं राहावं लागलं की कानात ऐकायचं. डबा भरून झाला की पाच मिनिटं दारात बसायचं, काही करायचं नाही. हे शेवटचं त्या पोरीनेच घालायला लावलं. म्हणाली, "दादा, आमच्या सकाळी काम भरायची गरज नाही, कामं आहेत. थोडं कमी करता येतं का बघा."

गजराचं तर वेगळंच रामायण. तुमच्या एकट्याच्या खोलीत गजर वाजला की तुम्ही उठता, आमच्यात वाजला की पाच जण उठतात आणि पैकी दोघं शिव्या घालतात. पाळी करून झोपलेला बाप पोराच्या अभ्यासासाठी रोज उठणार आहे का? कानात हेडफोन घालून झोपलं तरी फोनचा गजर बाहेरच्या स्पीकरवर पण वाजतो, हे आम्हाला माझ्या घरात चाचणी घेताना कळलं, आजीच्या तोंडून कळलं. म्हणून आवाज बंद, नुसती थरथर, आणि सूचना अशी की फोन उशीखाली ठेवा. पत्र्याच्या पेटीवर ठेवलात तर ढोल वाजेल.

तेही सोपं नाही. २०१५ च्या ॲन्ड्रॉइड ६ पासून फोन नुसता पडून राहिला की स्वतः झोपी जातो, बॅटरी वाचवायला. (फोनला झोप मिळते.) २०२१ च्या ॲन्ड्रॉइड १२ पासून नेमक्या मिनिटाला गजर द्यायचा तर वेगळी परवानगी लागते. आणि स्वस्तातले काही फोन तर मागे चालू असलेली ॲपं सरळ मारून टाकतात. सगळ्यात वाईट हे : आमच्यात चार्जिंगचा पॉइंट एक आणि फोन चार. रात्री तुझा फोन मरतो, पहाटे आई उठून तो लावते, फोन परत चालू होतो पण कुलूप न उघडता तसाच पडून राहतो. अशा वेळी साधं ॲप जागंच होत नाही, आदल्या रात्री लावलेला गजर गेला. त्यासाठी कुलूप उघडायच्या आधी चालणारी वेगळी सोय २०१६ च्या ॲन्ड्रॉइड ७ पासून आहे, ती मुद्दाम लिहावी लागते. आम्ही पहिल्या वेळी लिहिली नव्हती. कारण पहिल्या वेळी आमच्या डोक्यात जो विद्यार्थी होता, त्याचा फोन रात्री मरत नव्हता.

ज्योत काढली. आकडा काढला. चुकलेल्या दिवसाच्या जागी 'राहू दे' असं बटन आहे, दाबायची सक्तीही नाही. सगळी माहिती फोनातच राहते, आमच्याकडे काही येत नाही. इंटरनेट नसलं तरी चालतं.

आता आपल्यातलेच काही जण म्हणणार, हे सगळं ठीक आहे पण तू आळसाला पाठीशी घालतोस. आणि दुसरे काही म्हणणार की व्यवस्थाच बदलली पाहिजे, तोपर्यंत कसली ॲपं आणि कसल्या सवयी, सगळी भंकस. दोघांनाही सांगतो. पहिल्यांना : माझ्याबरोबर एकदा साडेचारला नळावर या, मग बोलू. दुसऱ्यांना : व्यवस्था बदलायची वाट बघत दहाला उठणारे कॉम्रेड मी पाहिलेत, त्यांना घरी कुणीतरी पाणी भरून देतं. परीक्षा येत्या एप्रिलमध्ये आहे. त्या पोरीला एप्रिलमध्ये पेपर लिहायचाय. तिला रोज चाळीस मिनिटं सापडली तर ती पास होते, नाही सापडली तर तिचं लग्न होतं. ह्या चाळीस मिनिटांना मी भंकस म्हणू शकत नाही.

आता भांडणाची गोष्ट. पहिल्या ॲपचं बक्षीस मिळाल्यावर कॉलेजातल्या एका सरांनी आम्हा चौघांना बोलावलं होतं. सर भला माणूस, चहा-बिस्कीट दिलं. म्हणाले, ह्याला एक डॅशबोर्ड जोडा. कुठला विद्यार्थी किती वाजता उठतो, सलग किती दिवस उठतो, हे मेंटॉरला दिसू दे. अकरावी-बारावीलाही लावू. पुढेमागे गरजू विद्यार्थ्यांच्या निधीतून मदत द्यायची तर कुणात शिस्त आहे ते बघून देता येईल. कॉलेज पैसे देईल, तुम्हाला प्रमाणपत्र मिळेल, नोकरीला उपयोगी पडेल.

मला तेव्हा तिथेच ओरडायला पाहिजे होतं, मी बिस्कीट खात बसलो. पोरीची भेट त्यानंतरची. तिची सकाळ ऐकल्यावर मला त्या डॅशबोर्डचा अर्थ लागला. ज्याच्या घरी नळ साडेचारला येतो त्याची ज्योत विझलेली दिसणार, ज्याच्या घरी पाणी तापवून मिळतं त्याची पेटलेली दिसणार, आणि गरजूंचा निधी पेटलेल्या ज्योतीला मिळणार. कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्यांच्या वागण्यावर नजर ठेवायला मनाई केलीय, आणि २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना त्यातून वाट काढून दिलीय, शिक्षणाच्या आणि सुरक्षिततेच्या कामापुरती. पोरगं किती वाजता उठलं हे शिक्षणाचं काम आहे का, हे वकिलाला विचारा. मी त्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "मग मला कायमच घड्याळ मागं करावं लागंल."

चौघांत दोन-दोन झाले. त्या दोघांना मी गद्दार म्हणणार नाही, एकाच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे आणि त्याला ते प्रमाणपत्र खरोखर हवंय. पहिलं ॲप, त्याचं नाव, तो सूर्य आणि ती ज्योत, सगळं त्यांच्याकडे गेलं. 'आज तुम्ही स्वतःला हरवलंत' ही माझी ओळही तिथेच आहे. काढा म्हणून सांगितलं, ते म्हणाले, सरांना आवडलीय.

दुसरं ॲप सध्या अकरा फोनांत आहे. माझ्या दोस्ताने ते घेतलेलं नाही, मी आग्रह केला नाही, अर्जाचा मसुदा तेवढा त्याच्याकडे कागदावर नेऊन दिला. अर्ज त्याच्या दप्तरात आहे, अजून दिलेला नाही.

आणि ती पोरगी मागच्या आठवड्यात तक्रार घेऊन आली. पाइपलाइनचं काम निघालं म्हणून पाण्याची वेळ तीन दिवस बदलली होती. चारला पाणी आलं आणि गेलं, ॲप साडेचारला थरथरलं. पाण्याची वेळ बदलली हे ॲपला कळावं कसं? एकाने उठून सगळ्या गल्लीच्या फोनांना कळवायचं? मग तो एक जण रोज जागा राहणार का? की पाळ्या लावायच्या? ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. रविवारी चारनंतर आम्ही मानखुर्द स्टेशनच्या बाहेर चहाच्या गाडीवर असतो. या. येताना तुमच्या घरातली सकाळ कागदावर लिहून आणा, कोण किती वाजता उठतं, कुणाच्या आधी कुणाला उठावं लागतं, नळ कधी, संडासची रांग कधी, आणि तुमच्यासाठी कोण जागं राहतं.